गिऱ्हाइकाचं बोलणं दुकानाच्या कामी कसं आणावं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी सोलापूर

गिऱ्हाइकांचे अनुभव दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरण्याबद्दल सोलापुरातल्या छोट्या दुकानदारांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. नावं दिलेली नाहीत. भाग आणि धंदा तेवढा ठेवला आहे. सारखे प्रश्न एकातच मिसळले आहेत.

प्रश्न : चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला विचारलं की ते "छान आहे, मस्त आहे" म्हणतं. ते आम्ही फोटोसकट व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतो. लोक बघतात, पण त्यातून एकही चादर विकली गेली असं वाटत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : विचारायची वेळही चुकते आहे आणि प्रश्नही. गल्ल्यापाशी उभं राहून "छान आहे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची चादर अजून पिशवीतच असते. त्याने तुमच्या बोलण्या-वागण्याचा मान राखला, इतकाच त्याचा अर्थ. स्टेटस बघणाऱ्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललेलं असतं. रंग जाईल का? आटेल का? मशीनमध्ये धुतली तर चालेल का? दोघांना पुरेल का? पानिपतचा माल सोलापुरी म्हणून गळ्यात तर मारत नाहीत ना? यातल्या एकाही शंकेला "मस्त आहे" हे उत्तर होत नाही.

आधी वेळेचं बघू. चादर चार-पाच वेळा धुतली गेल्यावरच तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ असतो, म्हणजे विक्रीनंतर साधारण दोन-अडीच महिन्यांनी. टॉवेल रोज वापरात असतो, तिथे तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात मात्र टॉवेलबद्दल विचारूच नका. नव्या टेरी टॉवेलवर फिनिशिंगचा हात असतो, एक-दोनदा धुतल्याशिवाय तो पाणी नीट टिपत नाही, आणि गिऱ्हाईक खुशाल सांगून टाकतं की "पाणीच ओढत नाही हो". आहेरासाठी टॉवेल-टोपी घाऊक नेणाऱ्यांना लग्न उरकल्यावर आठ-दहा दिवसांनी गाठा. तेव्हा कमी काय पडलं, जास्त काय झालं, हे त्यांच्या तोंडावर असतं.

हे लक्षात ठेवायची सोय बिलबुकातच करून ठेवा. नावापुढे फोन नंबर, वस्तू आणि "विचारायचं : मार्च" एवढी नोंद पुरते. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यात लेबलची सोय आहे. महिन्याच्या नावाचं लेबल त्या गिऱ्हाइकाला लावून टाका.

कुणाला विचारायचं? सर्वांत जास्त कौतुक करणाऱ्याला नव्हे. ज्याने घासाघीस केली, दोन दुकानं फिरून पुन्हा तुमच्याकडे आला, चादर उलगडून उजेडात धरून बघितली आणि मग घेतली, त्याला विचारा. त्याच्या शंका त्याला आठवत असतात. दुसऱ्यांदा खरेदीला आलेलं गिऱ्हाईक त्याहून चांगलं. ते का परत आलं, याचं उत्तरच तुमची जाहिरात असते.

आता प्रश्न. पाचच विचारा, याच क्रमाने. घेण्याआधी मनात काय शंका होती? याआधी काय वापरत होता आणि त्याचं काय झालं? आता घरात ती कोण वापरतं आणि धुता कशी? काही खटकलं का? शेजारच्यांनी विचारलं तर घ्या म्हणाल की नको म्हणाल? प्रत्येक प्रश्नानंतर गप्प बसायचं. दुकानदाराला हे सर्वांत जड जातं. समोरचा क्षणभर थांबला की आपण "म्हणजे रंग चांगला राहिला ना?" असं त्याच्या तोंडात शब्द घालतो, आणि तो बापडा "हो हो" म्हणून मोकळा होतो. तिथेच अनुभव संपला.

फोनवर विचारणार असाल तर पहिलं वाक्य "माल विकायला फोन केलेला नाही" हेच असू द्या. दुपारी एक ते चार कुणालाही फोन करू नका. सोलापूरच्या उन्हात त्या वेळी उचललेल्या फोनवर कुणी गोड बोलत नाही.

मिळालेलं बोलणं किती कापायचं, ते नमुन्यावरून बघा. समजा एका बाईंनी असं सांगितलं :

"चादर चांगलीच हाय की. आधी मी म्हनलं, एवढे पैशे कशाला घालायचे, बाजारात निम्म्यात मिळालेत. पोरगं होस्टेलला हाय पुण्याला, तितं समदे मशिनीत धुवालेत. पहिल्यांदा लाल रंग जरा गेला, बनियन गुलाबी करून ठिवला त्यानं. म्हनलं, गेले पैशे. पन मग पुन्यांदा काय गेला न्हाई. दिवाळीला घेऊन आलता, तवा बघितलं, काठ हाय तसाच हाय. आनि तुमच्या दुकानातला पोरगा लई चांगला हाय, पाणी दिलं बसायला दिलं. आता धाकट्याला पन घ्यायचीय, तो बी जानारय पुढल्या वर्षी."

यातून भिंतीवर किंवा स्टेटसवर जाण्याजोगं एवढंच :

"म्हनलं, एवढे पैशे कशाला घालायचे, बाजारात निम्म्यात मिळालेत. पोरगं होस्टेलला हाय, तितं समदे मशिनीत धुवालेत. पहिल्यांदा लाल रंग जरा गेला, बनियन गुलाबी झाला. पुन्यांदा काय गेला न्हाई. दिवाळीला बघितलं, काठ हाय तसाच हाय. आता धाकट्याला पन घ्यायचीय."

पाणी दिलं, बसायला दिलं, हे गाळलं. ते तुम्हाला ऐकायला गोड लागतं, पण वाचणाऱ्याला त्यातून चादरीबद्दल काही कळत नाही. भाषा मात्र सुधारली नाही. "सदर चादर टिकाऊ असून रंग पक्का आहे" असं केलं की ते कंपनीच्या पत्रकासारखं वाटायला लागतं आणि बाई त्यातून नाहीशा होतात. फक्त ती थट्टेवारी जाईल असं त्यांना वाटत असेल तर प्रमाण मराठीत लिहा. ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही नव्हे.

गुलाबी झालेला बनियन मुद्दाम ठेवला आहे. बहुतेक दुकानदार नेमकं तेच कापतात. पण गडद लाल-मरून चादरीचा वरवरचा रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटू शकतो, हे चादर वापरणाऱ्या घरात ठाऊक असतं. ते लपवलं तर बाकीच्यावरही विश्वास बसत नाही. त्याखाली दुकानातर्फे एक ओळ जोडा : "पहिली धुलाई थंड पाण्यात, वेगळी करा." तक्रार होती ती सूचना झाली.

एक इशारा. गिऱ्हाईक बोलण्याच्या भरात "अस्सल सोलापुरी" म्हणतं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागात बनलेल्या मालालाच लावता येतं. दुकानात बाहेरच्या गावचा मालही असेल, आणि तो अनुभव त्या मालाबद्दलचा असेल, तर हे दोन शब्द वापरता येणार नाहीत. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही. छापणारे तुम्ही आहात.

प्रश्न : नवी पेठेत साड्यांचं दुकान आहे. बायका भरभरून बोलतात, पण मोबाईल समोर धरला की गप्प. फोटोला नको, नावाला नको. एकीने लग्नातला फोटो पाठवला, तो आम्ही लावला, तर तिच्या सासरकडून फोन आला. काय करावं?

उत्तर : फोटो काढून टाकलात असं गृहीत धरतो. नसेल तर आज काढा.

चेहरा लागतोच, ही समजूत आधी सोडा. साडीच्या बाबतीत बघणाऱ्याला चेहऱ्यात रस नसतो; नेसल्यावर निऱ्या कशा बसतात, काठ उलटतो का, पदर खांद्यावर राहतो की घसरतो, हे बघायचं असतं. गळ्यापासून खाली, पाठमोरा, किंवा नुसता हातावर टाकलेला पदर, एवढ्यात काम होतं. इरकलचा टोपपदर दाखवायचा तर पाठमोराच फोटो लागतो. बोलणं फोटोखाली लिहा, किंवा त्यांच्या आवाजातला व्हॉइस मेसेज कपड्याच्या व्हिडिओखाली जोडा. चेहरा नसला की बहुतेकजणींची भीड चेपते.

नावाचं असं करा : फक्त पहिलं नाव आणि भाग, किंवा नाव न देता "शिक्षिका, विजापूर रोड". मात्र काल्पनिक नाव देऊ नका. "सौ. कुलकर्णी, पुणे" असं कुणीतरी बनवलेलं नाव वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

लग्नाच्या फोटोत अडचण दोन ठिकाणी असते. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, फोटोग्राफरशी वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार काढून घेणाऱ्याकडे असतो. पण काढून घेणारा म्हणजे पैसे देणारा. ते मुलीचे वडील असतील किंवा सासरे. फोटो पाठवणारी बाई असेलच असं नाही. दुसरं म्हणजे फोटोत करवल्या, जावा, पोरंबाळं असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून लग्नाचा समूह-फोटो वापरूच नये. साडी तीच, पण पुन्हा घरी नेसून काढलेला एकटीचा फोटो मागा.

परवानगी तोंडी घेऊ नका. कागद पुढे केला तर लोक बिचकतात, म्हणून व्हॉट्सॲपवर असा मेसेज पाठवा :

"आपण साडीबद्दल जे सांगितलंत ते खाली लिहिलं आहे. हे आम्ही फक्त 'शिक्षिका, विजापूर रोड' असं लिहून दुकानात आणि व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवर एक वर्ष वापरू का? सोबत पाठवलेला हाच एक फोटो वापरू, चेहरा दिसणार नाही. मान्य असेल तर 'चालेल' असं लिहा. पुढे कधीही नको वाटलं तर कळवा, त्याच दिवशी काढू."

यात काय वापरणार, कुठे, किती दिवस आणि नको म्हणायची वाट, सगळं आलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हेच मागतो : संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी आणि देण्याइतकीच सहज मागे घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागते. "चालेल" आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मोबाईल बदलला की चॅट जातं, आणि वाद नेमका त्यानंतर निघतो.

फ्लेक्सवर किंवा पिशवीवर छापताना दहादा विचार करा. स्टेटस पुसता येतं. घरोघर गेलेल्या पाचशे पिशव्या परत आणता येत नाहीत.

प्रश्न : होटगी रोड भागात आमचा महिलांचा बचत गट शेंगदाणा चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतो. एका काकांनी लिहून दिलंय की आमच्या भाकरीने त्यांची शुगर आटोक्यात आली. हे पाकिटावर छापलं तर खप वाढेल ना?

उत्तर : वाढेलही. पण छापू नका. पाकिटावर नको, स्टेटसवर नको, प्रदर्शनातल्या स्टॉलवर हाताने लिहूनही नको.

काका खोटं बोलत नसतील. पण त्यांनी भाकरीबरोबर गोळ्या बदलल्या का, चालायला लागले का, हे तुम्हाला ठाऊक नाही. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो किंवा आटोक्यात येतो असा दावा करायला २०१८ च्या अन्नसुरक्षा जाहिरात व दावे नियमावलीत मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या खाद्यजाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "हे आमचं नव्हे, गिऱ्हाइकाचं मत आहे" ही पळवाट चालत नाही. आणि दंडाचं सोडा. ते वाचून कुणी इन्सुलिन थांबवलं तर?

काकांकडेच परत जा आणि दुसरं विचारा. भाकरी कशाबरोबर खाता? दात लागतात का, की आमटीत चुरून खाता? एक पाकीट किती दिवस पुरतं? प्रवासात नेली का? तिथे तुमची खरी गोष्ट सापडेल.

तुमच्या मालाला ज्या शंका अडवतात त्या अशा : कडक भाकरी पार्सलमध्ये मोडते, सादळते; चटणीला काही दिवसांनी खवट वास येतो; तिखट फार असते. यातली एकेक शंका एकेका गिऱ्हाइकाच्या अनुभवाने उडवायची. समजा, मुंबईत राहणाऱ्या मुलाला आईने बसने डबा पाठवला. दहापैकी किती भाकऱ्या अखंड पोचल्या, त्याचा डबा उघडतानाचा फोटो मागवा. दोन मोडल्या असतील तर दोन मोडल्या म्हणून लिहा.

चटणीबद्दल विचारताना एक धोका आहे. कुटलेल्या शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते खवट होतं. त्यामुळे एखाद्याने "माझ्याकडे तीन महिने टिकली" सांगितलं तरी ते छापू नका, कारण त्याने ती फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत ठेवली असेल आणि पुढचा गिऱ्हाईक मे महिन्यात ओट्यावर उघडं पाकीट ठेवणार. टिकण्याची मुदत तुमच्या लेबलवर असते तीच खरी. अनुभवातला आकडा त्यापेक्षा मोठा दिसता कामा नये. "कशी ठेवली" हे मात्र जरूर छापा.

अनुभव पाकिटावर घ्यायचाच असेल तर मागच्या बाजूला दोन ओळी पुरेत. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, पॅकिंगची तारीख, वजन, किंमत यांची जागा त्यासाठी खाऊ नका.

प्रश्न : अशोक चौकाजवळ शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे. निम्मी गिऱ्हाइकं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. व्हिडिओत त्यांना मराठीत बोलायला लावलं की अडखळतात, पाठ केल्यासारखं बोलतात. शिवाय रस्त्याचा आवाज इतका की काही कळत नाही.

उत्तर : त्यांना तेलुगूतच बोलू द्या. पूर्व भागात दुकान आहे आणि बघणारे त्याच गल्ल्यांतले आहेत. आपल्या भाषेत बोलणारी शेजारीण दिसली की माणूस थांबून ऐकतो. खाली मराठी ओळी द्या, एका वेळी सहा-सात शब्दांपेक्षा जास्त नकोत, आणि त्या ओळी लावण्याआधी बोलणाऱ्या व्यक्तीला किंवा त्यांच्या घरातल्या मराठी वाचणाऱ्याला दाखवा. "शिलाई एकदा उसवली, त्यांनी बदलून दिली" याचं भाषांतर नकळत "शिलाई कधीच उसवत नाही" असं होऊन बसतं, आणि मग भांडण तुमच्या दारात.

चित्रीकरण असं करा. सकाळी दुकान उघडल्याउघडल्या, रहदारी वाढायच्या आत. बोलणाऱ्याचं तोंड दाराकडे, तुमची पाठ दाराकडे. उलट केलंत तर चेहरा काळा येतो. मोबाईलची काच सदऱ्याने पुसायची, मोबाईल उभा धरायचा, विमान मोड लावायचा म्हणजे मध्येच फोन येणार नाही. पंखा बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण पाच मिनिटं सोसा, कारण पंख्याचा घरघराट नंतर काढता येत नाही. मोबाईल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. त्याहून लांब गेलात की आवाज रस्त्याचा येतो, माणसाचा नाही. कॉलरला लावायचा छोटा माइक असेल तर उत्तम; नसेल तर दुसरा मोबाईल व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून त्यांच्या खिशात ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही आवाज जुळवता येतात. कपड्याच्या गठ्ठ्यांच्या मधोमध उभं केलंत तर आवाज घुमत नाही. हा फायदा भांड्यांच्या दुकानाला नाही.

काही पाठ करून घेऊ नका. वरचेच पाच प्रश्न तुम्ही कॅमेऱ्यामागून विचारा आणि तुमचा आवाज नंतर कापा. चार-पाच मिनिटांच्या बोलण्यातून तीस-चाळीस सेकंद ठेवायचे. सुरुवात शंकेने : "मागच्या दुकानातली पँट जूनला घेतली, दिवाळीला गुडघ्यात फाटली." मध्ये दोन सेकंद हातात धरलेली पँट, गुडघ्याजवळून. "नमस्कार, मी आज अमुक दुकानात आले आहे" अशी सुरुवात असेल तर लोक तिथेच पुढे सरकवतात.

मुलगा गणवेशात उभा करायचा मोह होईल. शाळेचं बोधचिन्ह आणि मुलाचा चेहरा एकत्र दाखवला की तो कुठे शिकतो हे सगळ्या गावाला कळतं. खिशावर हात ठेवायला सांगा, किंवा नुसता कपडा दाखवा. आणि इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी लावू नका. ध्वनी बंद होतो आणि बाईंचं बोलणंही त्याबरोबर जातं.

प्रश्न : जुळे सोलापुरात मिक्सर, शेगड्या विकतो. गूगलवर पाच तारे देणाऱ्याला ५० रुपये सूट द्यावी असं पुतण्या म्हणतो. त्याने मित्रांकडून काही रिव्ह्यू टाकूनही घेतले. मध्येच एकाने एक तारा देऊन "मिक्सरचं भांडं गळतं, दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा" असं लिहिलंय. ते काढता येईल का?

उत्तर : पुतण्याला आवरा. पैसे, सूट किंवा भेट देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. खूश गिऱ्हाइकांनाच निवडून मागणं आणि नाराजांना वळवून लावणं, तेही बसत नाही. एका रात्रीत वीस रिव्ह्यू आले की ते गळतात, बरोबर काही खरेही गळतात, आणि काही काळ नवे येणं बंद होऊ शकतं. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : शिफारस खऱ्या अनुभवावरची हवी, आणि शिफारस करणाऱ्याचं दुकानाशी काही नातं किंवा देणंघेणं असेल तर ते उघड सांगायला हवं. मित्रांना ते रिव्ह्यू काढायला सांगा.

सरळ मार्ग असा : गूगलच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागायची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून गल्ल्यापाशी लावा आणि बिल झाल्यावर सगळ्यांना सांगा, निवडून नव्हे. "पाच तारे द्या" म्हणू नका. "काय घेतलं आणि कसं चाललंय ते लिहा" म्हणा. आठवड्याला दोन आले तरी खूप.

तो एक तारा काढता येणार नाही, कारण तो खोटा नाही. उत्तर द्या, उघड, तिथेच, एक-दोन दिवसांत : "भांड्याखालचं सील झिजलं की गळती होते. भांडं आणि बिल घेऊन या, आम्ही बघतो. वॉरंटीत असेल तर कंपनीकडे आम्हीच पाठवू." त्यात त्याचा फोन नंबर, बिलाची रक्कम, "तुम्हीच नीट वापरला नाही" असलं काही नको. काम झाल्यावर रिव्ह्यू बदला म्हणून मागे लागू नका. बहुतेकदा माणूस स्वतःहून दोन ओळी जोडतो. आमच्या मते अशा दुकानाला याहून चांगली जाहिरात नाही, कारण मिक्सर घेणाऱ्याची खरी भीती "बिघडला तर कोण बघणार" हीच असते.

प्रश्न : मंगळवार पेठेत तांब्या-पितळेची भांडी विकतो. इंटरनेट आम्हाला जमत नाही. गिऱ्हाइकांचे अनुभव दुसरीकडे कुठे वापरता येतात? आणि फायदा होतोय हे कळणार कसं?

उत्तर : वस्तूपाशीच. हंड्याच्या गळ्यात पोस्टकार्डाएवढा जाड कागद दोऱ्याने अडकवा, त्यावर मोठ्या अक्षरात तीन ओळी : कुणी घेतला, कशाला वापरतात, कल्हई किंवा घासणी कशी करतात. एका वस्तूला एकच. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात. त्यांच्यासाठी बाहेरगावच्याच गिऱ्हाइकाचं बोलणं पुढे ठेवा, "बार्शीला एसटीने नेला, पोचेवर एक पोचा आला नाही, गवतात बांधून दिला होता" असं. गावातल्यांसाठी वेगळं.

व्हॉट्सॲप तरी घरातलं कुणी बघत असेल. ब्रॉडकास्टची (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची) यादी करताना हे ध्यानात ठेवा : एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करून घ्या. महिन्याला दोनपेक्षा जास्त पाठवलंत तर लोक ब्लॉक करतात.

मोजायला एक वही पुरते. नवीन गिऱ्हाइकाला "आमच्याकडे कसं येणं झालं?" एवढं विचारा आणि रेघ मारा : शेजारी, पाटी, व्हॉट्सॲप, वाटेवर होतं. महिनाभर कार्ड लावलेल्या हंड्यांची आणि न लावलेल्यांची विक्री वेगवेगळी लिहा. फक्त लग्नसराईचा महिना आणि आषाढाचा महिना एकमेकांशी ताडू नका. मागच्या वर्षीचा तोच महिना काढा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीचा एक फार चांगला अनुभव आमच्याकडे आहे. अजून वापरला तर चालेल?

उत्तर : त्यावर महिना-वर्ष टाका आणि तीन गोष्टी तपासा : तोच माल त्याच गिरणीचा किंवा कारागिराचा आहे का, त्यात लिहिलेली किंमत अजून तीच आहे का, आणि परवानगी किती दिवसांची होती. माल बदलला असेल तर तो अनुभव काढून टाका. किंमत बदलली असेल तर किमतीचं वाक्य गाळून बाकीचं ठेवता येईल. परवानगी संपली असेल तर फोन करा, त्या निमित्ताने "अजून वापरताय का?" हेही विचारून घ्या. उत्तर हो आलं तर तीन वर्षं चाललेल्या वस्तूचा नवा अनुभव मिळाला. जुना उतरवून तोच लावा.